मृतदेहाला स्पॉट

"मेल्यानंतर माझ्यावर लाइट किती वेळ राहील?" अशोकभाऊंनी विचारलं.

"राहणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही मेलेले असाल."

धुळ्यातल्या थिएटरवर आमची टेक्निकल तालीम चालू होती. म्हणजे नटांनी अभिनय कमी करायचा आणि लाइट, म्युझिक जुळवून घ्यायचं. निदान तसं ठरलेलं असतं. अशोकभाऊंचं कापडाचं दुकान. नाट्यसंस्थेचे अध्यक्ष ते, दिग्दर्शक ते, नायकही तेच. मी जळगावचा. हौशी नाटकांना लाइट करण्यात वीस वर्षं गेली.

शेवटच्या प्रवेशात नायक मेलेला असतो. प्रेत जमिनीवर चटईवर ठेवलेलं, अंगावर छातीपर्यंत चादर. शेजारी बायको बसते आणि पाच मिनिटं एकटी बोलते. बायकोचं काम करणाऱ्या वंदनाताई सोनगीरच्या शाळेत शिक्षिका. तीन महिने शाळा सुटली की एसटीनं धुळ्याला तालमीला येत होत्या. आयुष्यातलं पहिलं मोठं काम, आणि त्यातही खरं काम ही पाच मिनिटंच. बाकी दोन तास अशोकभाऊ बोलतात.

मी स्पॉट फक्त वंदनाताईंवर ठेवला होता. स्पॉट म्हणजे एकाच जागी पडणारा उजेडाचा गोल. बाकी स्टेज अंधुक.

"मना चेहरा दिसाले पायजे," अशोकभाऊ म्हणाले. चिडले की ते अहिराणीत शिरतात. "बठ्ठा पब्लिक मना चेहरा देखाले येस!" म्हणजे सगळं पब्लिक त्यांचाच चेहरा पाहायला येतं.

मी समजावलं. माणसाचा डोळा उजेडाकडे जातो. दोन ठिकाणी उजेड असला तर जिथे काही हलतं तिथे जातो. आणि भाऊंचं पोट हलत होतं. चांगलं भरदार पोट, श्वासागणिक चादर वर-खाली. मी मोबाइलवर शूटिंग करून दाखवलं.

"त्यात काय? मी श्वास धरून ठेवीन."

"पाच मिनिटं?"

"माझा प्राणायाम आहे."

वंदनाताई मला विंगेत गाठून म्हणाल्या, "दादा, माझ्या सीनला लोक त्यांच्या पोटाकडे पाहतील हो."

मला ते कळत होतं. तरी मी प्रेतावर दुसरा स्पॉट लावला. अध्यक्षांशी वाद कोण घालणार? मनात म्हटलं, प्रयोगात हळूच कमी करू.

स्पर्धेचा प्रयोग. हॉल भरलेला. शेवटच्या प्रवेशाचा पडदा उघडला, वंदनाताईंनी बोलायला सुरुवात केली. प्रेत खरंच निश्चल होतं. मिनिटभर. मग 'हुस्स' असा आवाज आला आणि चादर चांगली वीतभर उसळली. मागून कुणीतरी हसलं. मग दोन रांगा हसल्या.

मी डिमरवर बोट ठेवलं. डिमर म्हणजे लाइट हळूहळू कमी-जास्त करायचं बटण. अगदी सावकाश खाली आणलं. मिटल्या पापण्यांनाही अंधार कळतो, हे मी विसरलो होतो. प्रेत अस्वस्थ झालं. आधी टाच सरकली, मग कंबर. चटईसकट मृतदेह बायकोच्या उजेडाकडे निघाला.

हॉल कोसळला. वंदनाताईंचं स्वगत मध्येच तुटलं. तीन महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत वाया चालली होती आणि त्यात माझाही हात होता.

त्या उठल्या. स्वतःचा उजेड सोडून प्रेताकडे गेल्या. ठरलेली हालचाल नव्हती ही. तिथे माझ्याकडे एकच लाइट होता, भाऊंचा. तो मी झटकन वर घेतला. ताईंनी चादर ओढून भाऊंच्या तोंडावर घेतली, कडा नीट खोचल्या आणि चादरीच्या टोकावरच ठाण मांडलं.

"जलमभर पुढे पुढे करं तुम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आते तरी जपा."

जपा म्हणजे झोपा. धुळ्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. टाळ्या पडल्या, हशा झाला, आणि त्यावर त्यांनी उरलेलं स्वगत असं म्हटलं की खोकल्याचाही आवाज आला नाही. चादरीखालीही हालचाल नव्हती. जागा नव्हती.

वंदनाताईंना अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मला प्रकाशयोजनेचं दुसरं. परीक्षकांनी 'मृत पतीकडून जिवंत पत्नीकडे जाणाऱ्या प्रकाशाचा' खास उल्लेख केला. मी बक्षीस मान खाली घालून घेतलं. अशोकभाऊंनी सत्कारात माइकवर सांगितलं की सरकण्याची कल्पना त्यांचीच, दिग्दर्शक म्हणून. ते खोटं म्हणता येत नाही.

वंदनाताई आता चाळीसगावच्या एका ग्रुपमध्ये काम करतात. अशोकभाऊंनी पुढच्या वर्षी एकपात्री बसवलं.

मी एवढंच शिकलो की 'नाही' म्हणायचं असेल तर तालमीत, सगळ्यांसमोर, तोंडावर म्हणावं. डिमरवरून गुपचूप दिलेला नकार नट ऐकत नाही. तो सरकतो.