खिशातले तीन फ्यूज

माफ करणं मला जमत नाही, आधीच सांगून ठेवतो. चाळीस वर्षं झाली, तरी त्या माणसाची आठवण आली की माझं डोकं फिरतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. मुलुंडला एका कारखान्यात आम्ही दोघं वायरमन होतो, मी आणि माझा जोडीदार. तो मालवणकडचा. बापाची गिरणीतली नोकरी सुटलेली, घर ह्याच्याच हातावर चालायचं. आमचा एक नियम होता. मशीनच्या पॅनेलमध्ये हात घालायचा तर आधी मेन बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपटायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. बोर्ड शेडच्या त्या टोकाला, मशीन ह्या टोकाला. मध्येच कोण खटका ओढेल, भरवसा काय?

श्रावणात मी घाटकोपरला सामान आणायला गेलो. परत येतो तर जोडीदार हॉस्पिटलात. उजवा हात भाजलेला, पुढे दोन बोटं काढावी लागली. सुपरवायझर सगळ्यांना सांगत फिरत होता, "फ्यूज न काढताच हात घातला त्याने. मग काय होणार?" मालकाला ते पटलं आणि जोडीदाराची नोकरी गेली. खाटेवरून तो मला एवढंच म्हणाला, "खिशात होते रे माझ्या. आयशीची शपथ."

माझा त्याच्यावर विश्वास होता. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये तीन फ्यूजचा जादा संच असायचा, आणि मशीन थांबली की ह्या माणसाला दम निघायचा नाही. बोर्ड रिकामा बघून ह्यानेच ते लावले असणार, आणि धावपळीत जोडीदाराच्या खिशातले काढून घेतले असणार. पण बघितलं कुणी? कुणीच नाही. रोज त्याला "साहेब" म्हणताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. साल्याची जिरवायची, आणि तीही चारचौघांत, हे मी ठरवूनच टाकलं.

दसऱ्याला मशीनची पूजा असायची. पॅनेलला कुंकू लावायचा मान सुपरवायझरचा. मी जोडीदाराला मुद्दाम बोलावलं. तो हाताला रुमाल गुंडाळून मागे उभा राहिला. सगळ्यांदेखत मी तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले, पॅनेलचं दार उघडलं आणि टेस्ट लॅम्प लावून वीज नसल्याची खात्री केली. मग बाजूला झालो.

"साहेब, यंदा दाराला नको. आत तांब्याच्या पट्टीला लावा. लाइन बंद आहे."

ह्याचा हात तिथेच थांबला.

मालक हसले. "अहो, फ्यूज त्याच्या खिशात आहेत ना? घाबरता काय?"

"खिशातल्यांचं काय घेऊन बसलात शेठ? तेव्हा त्याच्याही खिशातच होते की!"

बोलून गेला आणि जीभ चावली. मी करंगळी कुंकवात बुडवली आणि त्याच्या डोळ्यांसमोर पट्टीला टिळा लावला.

जोडीदार पुढे आला. रुमाल सोडला आणि तीन बोटांचा हात त्याच्यापुढे धरला.

"परत सांगा, सायबानू. मोठ्यान सांगा."

सुपरवायझरने मालकाकडे बघितलं. मग त्याने सांगितलं, ड्रॉवरमधल्या संचापासून खिशातल्या फ्यूजपर्यंत सगळं. जोडीदार रडायला लागला, मालकांनी त्याला उद्यापासून कामावर यायला सांगितलं, लोक पेढ्यांकडे वळले.

मी सुपरवायझरची वाट अडवली. म्हटलं, "साहेब, अजून एकदा सांगा."