अक्का थांबायची ती ओळ

अक्का गेल्याची बातमी मला जिने कळवली, तिच्याशी मी कित्येक वर्षं एक अक्षर बोललेले नव्हते. सकाळी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते, फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "क्षमाताई, मी विमल. अक्का गेल्या. आत्ताच." मी फोन ठेवला आणि अंगावरच्या साडीनिशी मंगळवार पेठेतून रिक्षाने कसबा बावड्याला निघाले. रिक्षात मला रडू आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, माझ्या बहिणीच्या शेवटच्या घटकेला तिच्या उशाशी कोण असावं, तर विमल... पोचले तेव्हा सगळं उरकलेलं. अक्काला स्वच्छ पुसून, केस विंचरून, नाताळात नेसायची ती पांढरी साडी नेसवून ठेवलं होतं. तोंडात शेवटचं पाणीसुद्धा विमलनेच घातलेलं. मी तिला म्हटलं, तू बाहेर हो. ती उठली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. तिथूनही ती मला दिसत होती, म्हणून मी दार लोटून घेतलं.

त्याला आता काही आठवडे झाले. अक्काची मुलगी लीना दफनविधीला मस्कतहून आली होती. परत जाताना तिने मला बजावलं की मावशी, आईवर लिहायचं तर लिही, पण काकूचं नाव त्यात घालू नकोस. मी घालते आहे. विमल, माझ्या बहिणीची धाकटी जाऊ. गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड गोड वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी पान उलटलं तरी माझी हरकत नाही.

आमच्या बाबांनी थोरलीचं नाव करुणा ठेवलं आणि माझं क्षमा. थोरलीच्या बाबतीत त्यांचा अंदाज बरोबर आला. लग्न होऊन अक्का बावड्याला गेली. दाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघेही साखर कारखान्यात कामाला. दोघांनी मिळून एका भिंतीला दोन घरं बांधली. अंगण एक, नळ एक, धुण्याचा दगड एक. मधली भिंत इतकी पातळ, की इकडे शिंकलं तर तिकडून "काढा देऊ का" अशी विचारणा व्हायची. हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागली, की जी जाऊ आधी बघेल ती दोन्ही घरांचे कपडे गोळा करायची. विमल तेव्हा अक्काच्या मागे मागे असायची. लीना तिच्याच कडेवर वाढली, असं म्हटलं तरी चालेल.

अक्काचा धर्म चर्चमध्ये कमी आणि घरात जास्त होता. रविवारी उपासनेला ती जायची, पण तिथे मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायची. घरात मात्र तिचं देवाशी दिवसभर बोलणं चालू. तांदूळ निवडताना, गॅस पेटवताना, दाजींच्या सदऱ्याची बटणं लावताना, अगदी हलक्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं. मी चिडवायची की अगं, त्याला दुसरीही कामं असतील. दिवे लागले की चटई अंथरायची, पवित्र शास्त्रातला एक उतारा, एक गीत, आणि शेवटी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची. त्याआधी ताटं वाढली जात नसत. पाहुणा आला तर तोही चटईवर, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आमटीचा घमघमाट सुटलेला असायचा आणि दाजी एक डोळा उघडून शेगडीकडे बघायचे... त्या घरात शिरलं की माझ्यासारख्या भांडखोर बाईचाही आवाज खाली यायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला लीनाचं लग्न ठरलं. मुलगा मिरजेचा, शिकलेला, दिसायला बरा. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत त्याची जाहीर सूचना वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून विचारतात. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिन्ही रविवार विचारलं. विमल आमच्याच बाकावर, मान खाली घालून बसलेली. तेव्हा तिची काही हरकत नव्हती. पत्रिका वाटून झाल्या, साडीला फॉल लावून झाला, आणि मिरजेहून निरोप आला की लग्न मोडलं. दाजी तसेच मिरजेला गेले. मुलाच्या आत्याने त्यांना दारातच सांगितलं, तुमच्या पोरीला फिट येतात हे आम्हाला तुमच्याच घरातल्या बाईने, तुमच्या भावजयीने कळवलं म्हणून वाचलो.

लीनाला एकदाच आकडी आली होती. तीन वर्षांची असताना, तापात. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की लहान मुलांना असं होतं, पुढे काही नाही. हे विमलला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्या दिवशी पोरीला उचलून दवाखान्यात पळत नेणारी तीच होती. जे मायेने पाहिलं तेच तिने सुरीसारखं वापरलं. आणि का, तेही वर्षाच्या आत कळलं. त्याच मुलाचं लग्न विमलच्या भावाच्या मुलीशी झालं. पुढे तो नवरा दारूत बुडाला आणि पोरगी माहेरी परत आली, हे ऐकलं त्या दिवशी मी घरी शिरा केला. त्या पोरीचा काय दोष, असं कोणी म्हणेल. नव्हताच. तरी मी शिरा केला आणि दोनदा घेऊन खाल्ला.

लीना नर्सिंग शिकली, मस्कतला गेली, तिथेच संसार थाटला. तिचं बरं चाललं आहे. पण अक्काच्या घरातून तिची एकुलती एक लेक उठून समुद्रापलीकडे गेली ती त्या एका वाक्यामुळे. विमलने ना कधी कबूल केलं, ना कधी माफी मागितली. भिंतीच्या पलीकडे ती राहत होतीच, त्याच नळावर पाणी भरत होती.

त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी बावड्याला जायला लागले, अक्काला एकटं वाटू नये म्हणून. पहिल्याच संध्याकाळी प्रार्थना म्हणताना ती मध्येच थांबली. मला वाटलं हुंदका आला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. ती ओळ क्षमेची आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर, असा तिचा अर्थ. अक्का त्या ओळीपाशी यायची, गप्प व्हायची, आणि मग ती ओळ न म्हणता पुढच्या ओळीवर जायची. दाजीही तिच्याबरोबर थांबायला लागले. मी तर आनंदाने थांबले. लहानपणापासून पोपटपंचीने म्हटलेल्या त्या प्रार्थनेत मला पहिल्यांदा गोडी वाटायला लागली. त्या गप्प राहण्यात मी विमलला मनातल्या मनात रोज एकदा फासावर चढवत होते.

एकदा पाळकसाहेब घरी आले असताना त्यांच्यासमोरही ती थांबली. त्यांनी चहा घेताना हळूच विचारलं. अक्का म्हणाली, "साहेब, त्या ओळीत 'करू' असं न्हाय, 'केली हाय' असं हाय. जे मी केलंच न्हाय, ते केलंय म्हणून देवाला कसं सांगू?" पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, थांबत जा, पण प्रार्थना अर्धी टाकून उठू नका. तेवढंच. उपदेश केला नाही, याबद्दल मी त्यांना अजून मानते.

वर्षं गेली. दोघे भाऊ मागेपुढे गेले आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोघी जावा उरल्या. अक्का तिच्याशी कामापुरतं बोलायची, नळ आला, दूध नासलं, एवढंच. मग विमलला कावीळ झाली. अंथरुणातून उठवेना. अक्का तिला ताक-भाकरी नेऊन द्यायला लागली, दोन्ही वेळा. मला कळलं तेव्हा मी परातीशेजारी उभी राहून तिला नाही नाही ते बोलले. मेली तर मरू दे, असंही म्हटलं. अक्का भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "रागानं थापली की भाकरी फाटती, क्षमा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तीन फाटल्या माझ्या. पुन्यांदा पीठ मळायचं, पुन्यांदा फाटायची. शेवटाला म्हटलं, देवा, भाकरी होईस्तवर तरी हा राग तू धर. तवा कुठं एक सरळ निघाली." मी म्हटलं, मग भाकरी झाल्यावर परत घेत जा. ती हसली. मला वाटतं ती खरंच परत घेत असावी, सुरुवातीला.

विमल बरी झाली. त्यानंतर एका संध्याकाळी अक्का त्या ओळीपाशी आली आणि थांबली नाही. अगदी साध्या आवाजात, आधीच्या आणि नंतरच्या ओळीसारखीच ती ओळ म्हणून पुढे गेली. मी चटईवरून उठले. विचारलं, लीनाला विचारलंस का? तिने काय करायचं? न्याय कुठे गेला? अक्काने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "माझं मी सोडलं. तुझं तू ठेव की, तुला लागंल तवर. पर मला आता दुपारची झोप लागती." त्या दिवशी मी न जेवता घरी आले.

शांती शांती म्हणून लोक काय काय शोधत फिरतात. माझ्या बहिणीला ती मिळाली, म्हणजे काय झालं, तर तिला दुपारची झोप लागायला लागली, पोटातली जळजळ गेली, आणि भांडी घासताना ती पुन्हा गाणं म्हणायला लागली, सूर चुकवत. मी हे रोज बघत होते आणि मला तिचा हेवा वाटत होता. पण विमल फुकट सुटली हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अक्काला शांती मिळाली, न्याय मिळाला नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मला कोणी सांगू नये.

दफनानंतर घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली होती. लोक गेले, लीना आत आवरत होती. विमल दारात उभी राहिली, उंबरा न ओलांडता. मला वाटलं, आता मागेल माफी. आणि खरं सांगते, नाही म्हणायची मी तयारी करून ठेवली होती. ती म्हणाली, "क्षमाताई, भिंतीपल्याड समदं ऐकू येतंय. अक्का त्या ओळीपाशी थांबायच्या, ते मी रोज ऐकायची. कुणापायी थांबत्यात ते मला कळायचं. तेवढा वेळ माझा हात चालायचा न्हाय. ज्या दिवशी थांबल्या न्हाईत, त्या दिवशी मला घास गेला न्हाय बघा." मी विचारलं, मग येऊन बोलली का नाहीस? ती म्हणाली, "काय तोंडानं येऊ?" आणि निघून गेली. माफी तिने तेव्हाही मागितली नाही.

लीनाने घराची किल्ली माझ्याकडे दिली आहे. दिवे लागले की मी बावड्याला जाते, चटई अंथरते, एकटीच उतारा वाचते, एक गीत म्हणते आणि प्रार्थनेला सुरुवात करते. चटई मी भिंतीला अगदी लागून घालते आणि आवाज चढा ठेवते. त्या ओळीपाशी आले की थांबते. अक्का थांबायची ती देवाशी खोटं बोलायचं नाही म्हणून. मी थांबते ते विमलला ऐकू जावं म्हणून. पलीकडे भांड्यांचा आवाज बंद पडतो. मी मुद्दाम लांबवते. लेक गेली, दाजी गेले, अक्का गेली, हे सगळं मी त्या गप्प राहण्यात भरते आणि भिंतीतून तिच्याकडे धाडते. दुपारची झोप मला लागत नाही.

परवा मी अशीच थांबले होते. पलीकडे नेहमीसारखी भांडी बंद झाली. मग भिंतीपलीकडून विमलच्या आवाजात ती ओळ आली. अडखळत, मध्ये श्वास घेत, पण अख्खी. आम्हाला क्षमा कर, हा भाग तिने दोनदा म्हटला. मला भयंकर राग आला. ही ओळ म्हणायची परवानगी तिला कोणी दिली, असं वाटलं. उठून जावं म्हणून मी चटईची कडसुद्धा धरली. पण ती ओळ म्हणून विमल थांबली होती. पलीकडे भांडी पुन्हा वाजली नाहीत, ती माझी वाट बघत होती. अक्काच्या घरात प्रार्थना अर्धी टाकून कोणी उठत नाही. मी पुढची ओळ म्हटली.