बंद कोण करणार?

खैरनार साहेबांच्या घरी प्लंबर आला, तर हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. "काय उघडणार? किती वेळ उघडं राहणार? आणि बंद कोण करणार?" प्लंबर गोंधळून म्हणायचा, "काका, नळच गळतोय ना?" मग साहेब चष्म्याच्या वरून त्याला न्याहाळत आणि आत वहिनींना सांगत, "याला चहा दे आणि घालव." हेच प्रश्न त्यांनी दाताच्या डॉक्टरला, त्यांना पोटाचं ऑपरेशन सुचवणाऱ्या सर्जनला आणि माझ्या वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींना विचारलेले मी स्वतः ऐकले आहेत. त्यातले फक्त गुरुजी पास झाले. "आवाहन मी करणार, विसर्जनही मीच करणार, मध्ये दीड तास," असं ते म्हणाले, तेव्हा साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

साहेब एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट इन्चार्ज होते आणि मी त्यांच्या हाताखाली ऑपरेटर. आमच्याकडे साधा पंप उघडायचा तरी आधी परमिट लागतं. वीज तोडायची, कुलूप लावायचं, लाल पाटी अडकवायची, मग इन्चार्जची सही. ज्याने परमिट घेतलं त्यानेच काम संपवून, सगळं बंद करून ते परत आणून द्यायचं. तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही. बाकीचे ही पद्धत गेटच्या आत पाळत. साहेबांनी ती सगळ्या जगाला लावली आणि जग त्यात नापास झालं.

माणसांबद्दल त्यांचं मत एकूणच वाईट होतं. पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आलेल्या इंजिनियरांना ते 'पाहुणे' म्हणत. मला ते माझ्या आडनावाने, वाघ म्हणून हाक मारत, आणि अशा सुरात मारत की आडनाव बदलून घ्यावंसं वाटे.

मी कामात चोख म्हणून प्रसिद्ध होतो. लाल पाटी अडकवून आलो की पुन्हा जाऊन बघायचो, आणि परत आल्यावर आणखी एकदा. "वाघने बघितलं म्हणजे झालं," असं सगळे म्हणत आणि मला ते गोड वाटे. एक दिवस साहेबांनी मला तिसऱ्या खेपेला जिन्यात अडवलं. म्हणाले, "तीनदा बघणारा माणूस एकदाही बघत नाय. पहिल्या वेळेला डोळे कुठं ठेवले होते?" मला भयंकर राग आला. राग आला, कारण माझ्या घरी काय चाललंय ते त्यांना कुठून कळलं, असं वाटून गेलं.

घरी गॅस होता. रोज निघताना मी गॅसचं बटण बघायचो, दार लावायचो, जिना उतरायचो, परत चढायचो. स्कूटर इंदिरानगरच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि वळून यायची. साहेब शेजारच्याच इमारतीत राहायचे आणि त्यांची गॅलरी रस्त्यावर होती, म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं. माझ्या पाचवीतल्या मुलीची, सईची, स्कॉलरशिपची परीक्षा होती, त्या दिवशी तिला मागे बसवून मी अर्ध्या रस्त्यातून दोनदा परत आलो. पोचलो तोवर शाळेचं फाटक बंद झालं होतं. ती रडली नाही. घरी येऊन तिने स्वतः गॅसजवळ जाऊन बघितलं आणि आईला सांगितलं, "बंदच होता." त्या संध्याकाळी वैशाली, माझी बायको, शांतपणे म्हणाली, "आता कोणाला तरी दाखव. तिलाही ही सवय लागायच्या आत दाखव. नाहीतर मी तिला घेऊन ओझरला आईकडे जाते."

दाखवायला हवं हे मलाही कळत होतं. पण मी काय केलं, तर काउन्सेलरांची यादी केली. फोनवर नावं शोधायची, वहीत उतरवायची, पदव्या बघायच्या, पुन्हा बघायच्या. ओळखीचं कोणी काउन्सेलरच्या जिन्यात भेटलं तर काय सांगायचं, याची तीन उत्तरं तयार केली. तीन आठवड्यांत अकरा नावं जमली आणि फोन एकालाही केला नाही. आज त्या वहीची आठवण झाली की स्वतःची किळस येते.

साहेब तोवर निवृत्त झाले होते आणि संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नापास करत असत. एकदा न राहवून मी त्यांना यादीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी वही मागितली. नावापुढे मी जाहिरातीतली माहितीही लिहिली होती. ती त्यांनी फोनवरच्या फोटोंसकट तपासली.

"हा मनाची शक्ती जागवतो म्हणे. झोपलीय तर झोपू दे की तिला." पान उलटून म्हणाले, "ही बाई वास्तूपण बघते. म्हणजे तुझं डोकं ईशान्येला सरकवणार." मग एका फोटोवर बोट ठेवून, "हा बघ, हाताची घडी घालून उभा हाय. याला पेशंट नको, मतं पाहिजेत." मी हसत होतो. मला वाटलं, आता ते म्हणतील की हे सगळे भामटे आहेत, जाऊ नकोस. मला नेमकं तेच ऐकायचं होतं.

त्यांनी वही मिटली. "अकरा नावं काढली ना, हेच तुझं दुखणं. आता माझ्यासमोर फोन लाव. तीन प्रश्न विचार. जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडे जायचं. चौथा प्रश्न विचारायचा नाय."

मी स्पीकर चालू करून पहिला नंबर लावला. काय उघडणार, असं विचारल्यावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सर, आपलं पॅकेज समजून घ्या." साहेबांनी हात हलवला, मी फोन ठेवला. दुसऱ्याने दोन बैठकांत सगळं मुळापासून उपटून काढतो, अशी हमी दिली. "आणि खड्डा?" साहेब मोठ्याने म्हणाले, आणि फोन त्यांनीच बंद केला.

तिसरी बाई होती. तिने तिन्ही प्रश्न ऐकून घेतले. मग म्हणाली, "काय उघडायचं ते तुम्ही ठरवाल, मी मागे लागणार नाही. किती दिवस ते आज सांगितलं तर खोटं होईल. तीन महिन्यांनी फरक पडतोय का ते दोघं मिळून बघू. नसेल पडत, तर दुसऱ्या कोणाकडे जा असं मीच सांगेन. आणि बंद म्हणाल, तर दर वेळची शेवटची दहा मिनिटं मी त्यालाच ठेवते. उघडं टाकून कोणाला घरी पाठवत नाही." आणि तिने विचारलं, "हे प्रश्न तुमचे आहेत?"

"आमच्या साहेबांचे," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि सवयीने बोलून गेलो, "अजून आठ राहिलेत." साहेबांनी वहीतली ती पानं फाडली. "येडा शे का तू?" ते म्हणाले. फार चिडले की ते त्यांच्या सटाण्याकडच्या बोलीत जात.

त्या बाईंची खोली एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. पहिल्या दिवशी साहेब माझ्याबरोबर गिरणीपर्यंत आले. "वर तू जा, मी दळण बघतो," म्हणाले. तासाभराने मी उतरलो तेव्हा त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर पीठ बसलं होतं. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. फक्त "बंद केलं का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो, आणि आम्ही चालत घरी आलो.

बरं व्हायला दीड वर्ष लागलं, आणि ते अगदी कंटाळवाणं काम होतं. एकदा बघायचं आणि धडधडत्या छातीने निघून जायचं, दुसरं काही नाही. वैशाली ओझरला गेली नाही. सई सातवीत गेली.

त्याच काळात वहिनींनी मला एकदा जिन्यात गाठून सांगितलं की साहेब दुपारभर गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसतात, जेवणही टाकतात. मी त्या बाईंचा नंबर चिठ्ठीवर लिहून साहेबांना दिला. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून मला परत दिली आणि म्हणाले, "माझं मशीन भंगारात निघालंय. भंगाराला परमिट लागत नाय." मी हसलो. तिथे हसायला नको होतं, भांडायला हवं होतं. सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने स्वतःला एकही विचारला नाही, आणि मीही त्यांना विचारला नाही. त्यांचा मला अजून राग येतो आणि माझाही येतो.

मागच्या पावसाळ्यात साहेब गेले. छातीत दुखत होतं, हे त्यांनी चार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. दहाव्यासाठी सगळे सटाण्याकडे त्यांच्या गावी निघाले होते. मीही बरोबर जाणार होतो. गाडीत बसता बसता वहिनी थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, तेवढा वर जाऊन गॅस बघून या. हे म्हणायचे, वाघ आता नीट बघतो."

माझ्या तोंडावर ते असं कधीच बोलले नव्हते.

मी वर गेलो. ओट्याजवळ उभा राहून बटण बघितलं. बंद होतं. दाराला कुलूप लावलं आणि उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर पाय थबकले. किल्ली हातातच होती. मी कठडा धरून उभा राहिलो, मग उतरलो आणि किल्ली वहिनींना दिली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, तरी तळहात घामेजलेले होते, पण गाडी वळवा असं मी म्हणालो नाही.

साहेब असते तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाले असते, "एकदाच बघितलं, त्यात काय मोठं? सगळं जग एकदाच बघतं."