"मी कुठं बसू?"

नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुझं काम म्हणजे लोकांची कामं घालवणं का?" तुमची आई ओरडली, "असं विचारतात का आजीला?" मी "नेट जातंय वाटतं" म्हणून विषय बदलला. नेट अगदी व्यवस्थित होतं. महिनाअखेरीला मी निवृत्त होते आहे. नंतर मला सोयीचं तेवढंच आठवेल, म्हणून उत्तर आत्ताच लिहिते.

आमची कंपनी शेतीपंपांचे सुटे भाग विकते. ऑफिस स्वारगेटजवळ, गोडाऊन लोणी काळभोरला. ऑर्डरी, बिलं, तक्रारी ही रोजची कामं एआयकडून करून घेणारी यंत्रणा माझी टीम बांधते. टीममधली मुलं तिशीच्या आतली, निम्मी विदर्भातून आलेली. माझा त्यांना एकच नियम: ज्याचं काम यंत्राला शिकवायचं, त्याच्या शेजारी आधी आठवडाभर स्टूल टाकून बसायचं. माझ्या मागे त्याला 'मॅडमची शिक्षा' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

या वर्षी दुकानांतून परत येणाऱ्या मालाच्या कामाची पाळी आली. दुकानदार फोनवर तुटक्या भागाचा फोटो पाठवतो. तो बदलून द्यायचा की नाही, ते ठरवायचं. हे टेबल लोणीचीच एक बाई सांभाळते. या खेपेला स्टुलावर मी स्वतः बसले. दोन दिवस ती फारसं बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिवताय ते मशीनसाठी हाय ना?"

"हो."

"मग ते चालू झालं की मी कुठं बसू?"

"वरच्यांशी बोलते."

"वरच्या तर तुम्हीच की," ती हसली आणि वाजणारा फोन उचलला.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. घरी आल्यावर लावलेलं कपाट पुन्हा लावत बसले. तुमचे आजोबा म्हणाले, "घरातही ऑटोमेशन आण, चहा तरी वेळेवर मिळेल."

"अहो, चहा तुम्ही करायचा, असं ठरलंय," मी म्हटलं. त्यांनी केला. मी कपाटापाशीच होते, तो गार झाला.

चाचणी उत्तम झाली. यंत्रणा फोटो ओळखत होती, अडलं तर थांबत होती. माझ्यानंतर टीम सांभाळणारी यवतमाळची मुलगी म्हणाली, "मॅडम, फक्त तुमची सही राहिली. सोमवारी लाइव्ह."

"त्या बाईंच्या पुढच्या कामाचा कागद आला की करते."

"पण तो एचआरचा इश्यू आहे ना? आपल्या स्कोपमध्ये नाही."

"आठवडाभर तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली, तेव्हा कुठे स्कोप पाहिला होता मी?"

 मग माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला, "भावनिक होऊ नका."

"नाही होत. मंजुरीच्या कागदावर, यंत्रणा अडली तर निर्णय कोणाचा, हा रकाना तुम्ही रिकामा ठेवलाय. रिकाम्या रकान्याखाली मी कधी सही करत नाही."

सोमवार तसाच गेला. मंगळवारीही साहेबांचं काही आलं नाही. मी दर तासाला मेल उघडून पाहत होते. बुधवारी कागद आला. रकान्यात त्या बाईचं नाव होतं, पण फक्त सहा महिन्यांसाठी. "पुढचं पुढे बघू," साहेब म्हणाले. मी सही केली. पुढचं बघायला मी तिथे नसेन. सहा महिन्यांनी तू विचार, असं यवतमाळच्या मुलीला पुन्हा पुन्हा बजावते आहे. तीही आता कंटाळली असेल.

तर धाकट्या, हो, काही कामं मी घालवली. बिलांच्या खोलीत पूर्वी पाच टेबलं होती, आता दोन आहेत. उठून गेलेल्या तिघांपैकी एकाचंही काय झालं, मला माहीत नाही. तेव्हा मी विचारलं नव्हतं.

लोणीचं टेबल अजून आहे. ती बाई तिथेच बसते. शेजारचं स्टूलही कोणी हलवलेलं नाही.