दाजींची केबिन

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान जयवंत, चौतीस वर्षं पुण्यातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लोकांना पिक्चर दाखवायचा, हा त्यांचा धंदा. पण स्वतःच्या बायकोशेजारी बसून त्यांनी एकही पिक्चर पाहिला नाही, आणि माझी बहीण फुलाबाई, तिला आम्ही आक्का म्हणतो, ही गोष्ट घरी येईल त्या प्रत्येकाला सांगते. रागानं सांगत नाही. गुडघे दुखतात हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात सांगते.

लग्नाला दोन महिने झाल्यावर दाजी तिला टॉकीजला घेऊन गेले होते. बाल्कनीत मधली खुर्ची दिली, हातात शेंगदाण्याची पुडी दिली आणि स्वतः वर मशीनच्या केबिनमध्ये गेले. पिक्चर सुटल्यावर तिला न्यायला आले. असे तिनं पाचसहा पिक्चर एकटीनं पाहिले आणि मग जायचं सोडून दिलं. पुढं ती उरवड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. सकाळी आठला तिची पाळी, अकराला दाजी पुण्याला निघायचे आणि शेवटचा शो सुटल्यावर लुनावरून भुकूमला परत यायचे तेव्हा ती झोपलेली असायची. त्या दोन खोल्यांत नवराबायकोची गाठ पडायची ती झाकून ठेवलेल्या ताटापुरती. त्यांचा अतुल कसा वाढला असं मला विचाराल, तर तो माझ्या आईनं वाढवला.

मग टॉकीज बंद पडली. आक्काचीही कंपनी सुटली. आता तरी दोघं दारात बसून चहा पितील, असं मला वाटलं. आक्काचंही तेवढंच मागणं होतं. "आता कुटं जायाचं न्हाई. हितंच बसा माझ्यापाशी," असं ती माझ्यादेखत म्हणाली होती, आणि दाजी "व्हय" म्हणाले होते.

चार महिन्यांनी दाजी टेम्पोतून मशीन घेऊन आले.

माझं पिरंगुटला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, लोखंडी जिने. पंचावन्न ओलांडली, कमरेचा पट्टा अंघोळीपुरताच उतरतो. पण सगळ्या गोतावळ्यात वेल्डिंग येणारा एकच माणूस असला की त्याला कंबर असते हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दाजींचा फोन आला, "रवी, जरा यिऊन जा. मशीन बसवायचंय." मला वाटलं, शिलाई मशीन असेल.

दारात जे उभं होतं ते माणसाहून उंच होतं. खाली जाड लोखंडी खांब, त्यावर मशीनचं धूड, वर आणि खाली रिळं ठेवायचे थाळीएवढे दोन डबे. खांबाच्या बुडाला चार भोकं, जमिनीत बोल्टनं आवळायला. टॉकीजमध्ये शेवटची काही वर्षं सगळं कॉम्प्युटरवर चालायचं, दाजी नुसतं बटण दाबायचे. हे जुनं मशीन केबिनच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. भंगारात चाललं होतं, ते दाजींनी मागून आणलं.

अतुल मारुंजीहून आला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाबा, आता प्रोजेक्टर जेवणाच्या डब्याएवढा मिळतो. टेबलावर ठेवला की भिंतभर पिक्चर. मी आणून देतो ना."

"त्यो दिवा हाय," दाजी म्हणाले. "मशीन न्हाई."

अतुलनं माझ्याकडं पाहिलं, मी रस्त्याकडं पाहिलं. तो चहा पिऊन गेला.

आक्का उंबऱ्यात उभी होती. "आवो, पर एवढं धूड ठिवनार कुटं?"

"बसवतो की. एकदा बसलं म्हंजी तुझ्या शेजारी खुर्ची टाकून पिक्चर बघतो. किती वर्सं ऐकवतीयास. आता बघच."

आक्का उंबऱ्यातून वळली. आत जाऊन तिनं पुन्हा चहाचं आधण ठेवलं. ती मशीनला हो म्हणाली नव्हती, ती शेजारच्या खुर्चीला हो म्हणाली होती. एवढं मला तेव्हा कळलं, आणि कळल्यामुळंच मी अडकलो. नाहीतर कमरेचं निमित्त सांगून त्याच दिवशी सुटलो असतो.

आधी मशीन बाहेरच्या खोलीतच ठेवून पाहिलं. मोठा दिवा घरच्या लाईटवर चालेना, म्हणून दाजींनी एका वायरमनकडून आत छोटा एलईडीचा दिवा बसवून घेतला होता. मशीन चालू केलं आणि समोरच्या भिंतीवर जो पिक्चर पडला, तो अतुलनं घेऊन दिलेल्या टीव्हीपेक्षाही लहान. भिंग होतं शंभर-सव्वाशे फुटांच्या टॉकीजचं, खोली बारा फुटांची. ज्या माणसानं चौतीस वर्षं हेच केलं, त्याला हे आधी सुचू नये याचं मला नवल वाटलं. पण त्यांच्या जन्मात त्यांना अंतर कधी कमी पडलंच नव्हतं.

"मागं घ्यावं लागंल," दाजी म्हणाले.

मागं भिंत होती. भिंतीच्या मागं स्वयंपाकघर. आडव्या बाजूला फिरवायचं म्हटलं तर त्या भिंतीवर बुद्धमूर्तीचा कट्टा आणि बाबासाहेबांचा फोटो, तिथं रोज सकाळ-संध्याकाळ वंदना होते, आणि ती जागा हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. म्हणजे उरलं ते एकच. मशीन स्वयंपाकघरात, मधल्या भिंतीला भोक आणि पिक्चर थेट रस्त्याकडच्या भिंतीवर. त्या भिंतीत दरवाजा होता. पडदा सोडला की दरवाजा झाकला जाणार आणि आल्यागेल्यानं मागच्या पडवीतून यायचं.

"दाजी, राहू द्या. पिक्चर बारका तर बारका," मी म्हटलं.

"आवाज लई करतं हे, रवी. मधी भिंत पायजेच. न्हाईतर हिला डायलॉग ऐकू यायचे न्हाईत."

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं कारण होतं, आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. त्यामुळंच भांडता येईना.

मग आक्काचा गॅस मागच्या पडवीत गेला. ओट्याचा अर्धा कडप्पा मी काढला. फरशी फोडून चार बोल्ट गाडले, त्यावर मशीन उभं केलं, तर ते मोरीकडं कललेलं. स्वयंपाकघराच्या जमिनीला मोरीकडं उतार असतो, हे जगातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आक्कालाही होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. पुन्हा मशीन उतरवलं, उताराच्या बाजूला लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या, खांब ओळंब्यात आणला. त्यात मशीन चार बोटं वर गेलं आणि आधी पाडलेलं भोक चार बोटं खाली राहिलं. भोक वरून वाढवलं, खालून बुजवलं. दिवसा दुकान, सुट्टीच्या दिवशी दाजी. असे दोन महिने गेले. रात्री पाठीला शेक घेताना माझी बायको विचारायची, "तुमी टॉकीज बांधताय का कुणाची?" मी कूस बदलायचो.

आक्का पडवीत वाऱ्यावर स्वयंपाक करायची. गॅस विझू नये म्हणून तिनं पत्र्याचा तुकडा आडवा लावला होता. सिमेंटची धूळ रोज झाडायची, रोज पुन्हा साचायची. ती एकदाही कुरकुरली नाही, आणि त्यानं मला जास्त थकवा यायचा. फक्त आठवड्यातून एकदा विचारायची, "रव्या, कधी व्हईल रं? बसायचं कधी?" स्वयंपाकघर परत कधी मिळेल, असं तिनं विचारलं नाही.

शेवटी शेवटी दाजींनी आणखी एक भोक पाडायला सांगितलं. पहिल्या भोकाच्या उजवीकडं, विताएवढं, त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर.

"हे कशाला?"

"बघायला. आतनं फोकस दिसाया पायजे का नगं?"

मी ड्रिल लावलं. खरं म्हणजे तिथंच मला कळायला हवं होतं. शेजारच्या खुर्चीवर बसणार असलेल्या माणसाला आतून बघायला भोक कशाला लागतं? पण मी दमलो होतो. दमलेला माणूस विचारत नाही, काम संपवतो. आणि दाजींनाही हे दिसलं नाही. मशीन बसवायचं म्हटल्यावर त्यांच्या हातांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. मशीन, त्याच्यापुढं भिंत, भिंतीत दोन भोकं आणि मागं एक माणूस. त्यांनी घरात पुन्हा केबिनच बांधली होती.

पौर्णिमेच्या संध्याकाळी शो ठरला. आक्का विहारातून पांढऱ्या साडीत आली, तोंड धुऊन पावडर लावली आणि बाहेरच्या खोलीत मांडलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसली. दुसऱ्या खुर्चीवर तिनं रुमाल टाकला. मी टेकायला गेलो तर म्हणाली, "तितं नगं बसू. ह्यांची जागा हाय." मी खाली सतरंजीवर बसलो.

दाजींकडं एका जुन्या मराठी पिक्चरची चारच रिळं होती, मधली. सुरुवात नाही, शेवट नाही. पडदा सोडला, दिवा घालवला, आणि भिंतीतून उजेडाचा पट्टा निघाला. पाच फुटी पिक्चर पडला. खरं सांगतो, चांगला पडला. एक बहीण भावाला काहीतरी विनवत होती, भाऊ ऐकत नव्हता. मला बरं वाटलं, सुटलो म्हणून.

थोड्या वेळानं आक्का मान वळवून म्हणाली, "ह्यांना म्हनावं, या की."

मी हाक मारली. आतून आवाज आला, "रीळ संपू दे."

रीळ संपलं. दाजींनी दिवा लावला, दुसरं रीळ चढवलं, दिवा घालवला. बाहेर कुणी आलं नाही. आक्का पिक्चर बघत होती, पण मधूनमधून तिची मान मागं जात होती. अर्धं रीळ झाल्यावर मी उठलो आणि आत गेलो. दाजी मशीनवर हात ठेवून, भोकाला डोळा लावून उभे.

"तुम्ही जा, मी उभा राहतो हितं."

"फिलम आडकली तर?"

"अडकली तर हाक मारतो. जा तुम्ही."

ते गेले. मी भोकातून पाहिलं. आक्कानं रुमाल उचलला, दाजी बसले. पण ते पिक्चर बघत नव्हते. त्यांची नजर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर होती. रीळ संपत आलं की तिथं एक ठिपका उमटतो, तो फक्त ऑपरेटरच्याच लक्षात येतो. मग त्यांचा कान मागच्या मशीनकडं लागला. आक्का त्यांना काहीतरी सांगत होती, बहुधा पिक्चरमधलंच. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नव्हतं. दोन मिनिटंही झाली नसतील. ते उठले आणि आत आले.

"आवाज बदललाय मशीनचा," म्हणाले. मला काही बदल ऐकू आला नव्हता.

मला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. "दाजी, दोन महिने मी कंबर मोडून घेतली ती कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मला न्हाई रे जमत भाईर. जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

तिसरं रीळ चढलं. ते चालू असताना खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. गुडघ्याला हात देत आक्का दारात आली, तिनं खुर्ची आत ढकलली आणि मशीनच्या अंगाला, आधी जिथं तिचा गॅस असायचा तिथं बसली. तिघांना जागा नव्हती. मी उंबऱ्यात सरकलो.

"आक्का, हितनं पिक्चर दिसायचा न्हाई तुला."

"मला कुटं बघायचाय."

बाहेर रिकाम्या खोलीत पिक्चर चालू राहिला. आक्का दाजींच्या हातांकडं बघत होती. ते मधूनच एक स्क्रू जरासा फिरवत, भोकाला डोळा लावत, परत हात मशीनवर ठेवत. बराच वेळ तिनं ते पाहिलं.

"एवढंच करत होता व्हय आत?"

दाजींनी भोकावरून डोळा काढला. "एवढंच."

"मला वाटायचं, कायतरी आसंल मोठं. माणूस उठून यिऊच शकत न्हाई म्हंजी." तिचा आवाज नेहमीचाच होता. "एवढ्यासाठी बसले मी भाईर."

दाजींचा हात मशीनवरून खाली आला. शेजारी पिठाचा डबा होता, त्याच्यावर ते हळूच बसले, तिच्या खुर्चीला लागून. मग रीळ संपलं. फिल्मचं शेपूट फटफट वाजायला लागलं आणि बाहेरचा पडदा नुसता पांढरा झाला. पडदा पांढरा पडू देणारा ऑपरेटर कसला, असं दाजी नेहमी म्हणत. ते उठले नाहीत. मशीन कुठून बंद करायचं ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.