भिंतीत मुरलेला हायड्रोजन

किस्से जमविण्याची मला हौस नाही. परंतु दर शुक्रवारी प्रयोगशाळेतील माणसे आपल्या घरी जेवायला येत असतील, तर ते आपोआपच साठतात. आवरू म्हटले तरी आवरत नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी अबुधाबीला मुलाकडे, सुधीरकडे, राहत असे. सूर्यासारखी ऊर्जा निर्माण करणारी भट्टी दुसऱ्याच एका देशात होती. तिचे इंधन हायड्रोजन. ते भट्टीच्या भिंतीतच किती अडकते आणि किती तापविल्यावर सुटते, हे सुधीर आणि त्याचा सहकारी देसाई मोजत. तिकडून भिंतीच्या छोट्या काळ्या फरशा येत. हे दोघे त्या आपल्या प्रयोगशाळेतल्या लहान भट्टीत तापवीत आणि मीटर कागदावर रेघ काढी; हायड्रोजन सुटला की ती उसळायची. महिनाभर ती रेघ सपाटच होती! काँट्रॅक्ट संपत आलेले. ते वाढले नाही तर व्हिसा जाणार, नातीची शाळा सुटणार. घरात कोणी स्वस्थ बसत नसे.

*

देसाई म्हणे, "काकू, हायड्रोजन आधी रिटेन होतो, मग रिलीज होतो."

"मराठीत 'मुरतो' म्हणावे," मी सांगितले.

नातीने पुस्तकातून डोके वर काढले. "आजी, इज इट हायड्रोजन ऑर लोणचं?"

*

एका दुपारी सुधीर फोनवर ओरडत होता, "अरे, वॉल में से हायड्रोजन निकल ही नहीं रहा!"

दहा मिनिटांनी पाहते तो भिंतीपलीकडचे शेजारी सिद्दीकीसाहेब सहकुटुंब जिन्यात उभे, हातात पासपोर्टांची पिशवी.

मी म्हटले, "भाईसाहब, घबराइए मत. कुछ निकला नहीं है."

"निकला नहीं, इसी की तो फ़िक्र है, माँजी!"

*

सुनेने, वैदेहीने, सुधीरला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितले. त्याने ठेवलेही, अगदी एकटक. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आले, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "रिलीज झालं."

वैदेहीने फडके त्याच्या हातात दिले. "आता रिटेन कर!"

*

त्यांचे साहेब डॉ. हमदी, इजिप्तचे. एका शुक्रवारी तेही जेवायला आले. सुधीरने भीतभीत काँट्रॅक्टचा विषय काढला. साहेब म्हणाले, "इन्शाल्ला."

ते गेल्यावर देसाईने अर्थ लावला, "काकू, हसून म्हटलं तर होकार. घड्याळाकडे बघून म्हटलं तर खलास."

"आणि आमटीकडे बघून म्हटले तर?"

देसाई म्हणाला, "तर जेवायला परत येणार!"

*

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारे पुजतात. या दोघांनी भट्टी पुजली. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन बसले. मीटर आंधळा झाला आहे असा त्यांचा संशय होता, आणि तसे असेल तर काम त्याच दिवशी बंद करायचे होते.

फरशी तापू लागली. रेघ सपाट. सुधीर येरझारा घालीत होता. एकाएकी रेघ अशी उसळली की कागदाच्या बाहेर!

साहेब उठून उभे राहिले. "हबीबी, हायड्रोजन!"

देसाईचा चेहरा मात्र पडला. "सर... काल पूजेत मी सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलं. भट्टीला, मीटरला... या फरशीलासुद्धा. मागच्या बाजूला. तापली की हळदही हायड्रोजन सोडते. हा बहुतेक हळदीचाच आहे."

सुधीर म्हणतो, त्या वेळी त्याने मनातल्या मनात सामानही बांधायला घेतले होते.

साहेबांनी कागद उजेडात धरून ती रेघ वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"म्हणजे मीटर आंधळा नाही," ते म्हणाले. "सुधीर, तुझं काँट्रॅक्ट एक वर्ष वाढलं. यल्ला, चला, उद्या दोन फरशा लावा. एक पूजा केलेली, एक न केलेली."

दोघेही दाराकडे धावले, तेवढ्यात साहेबांनी मागून हाक मारली.

"आणि हळद देसाईच लावेल. हात बदलायचा नाही!"