दोर कोणी सोडला

माझ्या नातवाच्या मृत्यूविषयी आमच्या घरात तीन हकिगती सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. मी निवृत्तीपर्यंत न्यायालयात साक्षीदारांचे जबाब टंकलिखित केले. सोयीची हकीगत कशी रचली जाते, हे मला कोणी शिकवू नये.

पहिली हकीगत माझ्या धाकट्या भावाची: पोरगा मस्ती करायला शेततळ्यात उतरला. साफ खोटे. करमाडच्या आमच्या शेतातली मोटार पाणी ओढेना, कारण पाइपाच्या तोंडाची जाळी शेवाळाने बुजली होती. ती साफ करायला तो उतरला. त्याच्या चपला काठावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या आणि खिशात तारेचा ब्रश होता. मस्ती करायला कोणी ब्रश घेऊन जात नाही. पोहणेही त्याला येत होते. विहिरीत मीच शिकवले होते. परंतु शेततळ्यात तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणूनच काठावरच्या खुंटाला गाठी मारलेला दोर बांधून तो पाण्यात सोडलेला असतो. त्या दिवशी आमच्या खुंटाला दोर नव्हता.

दुसरी हकीगत या दोराचीच. तो आमच्या सालगड्याने सोडून नेला, असे सगळे सांगतात. तिच्याकडे मी येणारच आहे.

तिसरी माझ्या सुनेची: मी तिच्या उरलेल्या लेकरालाही त्याच पाण्यात ढकलले. ही हकीगत ती आम्ही राहतो त्या गारखेड्यात दारोदार सांगते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नातू गेला तेव्हा त्याची बहीण, माझी नात, चौदा वर्षांची होती. ती रडली नाही, हे खरे. त्यावरून ती निगरगट्ट झाली, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तिला पाहिलेच नाही. मी पाहत होतो. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी ती रोज दोनतीनदा ओढून बघे. वडील कामावर निघाले की हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळी. मी सायंकाळी फिरून यायला दहा मिनिटे उशीर केला, तर अकराव्या मिनिटाला माझा फोन वाजे.

"आबा, कुठं आहात?"

"चौकात. चिंच विकत घेतोय."

"चिंच कशाला? लवकर या."

दहावीच्या एका पेपराला ती अर्ध्या तासात उठून बाहेर आली, कारण घरी काहीतरी झाले असेल असे तिला वाटले. सून म्हणाली, "मामा, हिला डॉक्टरला दाखवायचं का?" माझा भाऊ म्हणाला, "दादा, हिचं लगीन करून टाका, नीट होईल." सोळाव्या वर्षी लग्न! मी त्याला घराबाहेर काढले. तेही तो चुकीचे सांगतो. त्याच्या सांगण्यात तो स्वतःहून गेला.

मला भीती एकच होती. ही मुलगी अशीच राहील, प्रत्येक माणूस दाराबाहेर पडताना त्याचा मृत्यू मोजत बसेल, आणि त्याला कारण मी असेन. कारण दोर मी सोडला होता. अजिंठ्याच्या व्याह्यांसाठी कडब्याची ट्रॉली भरली, बांधायला दोर कमी पडला, तेव्हा मी शेततळ्याचा दोर काढला. एका दिवसापुरता. ट्रॉली गेली, दोर तिच्याबरोबर गेला, आणि चौथ्या दिवशी नातू पाण्यात उतरला. गड्यावर आळ आला तेव्हा मी गप्प राहिलो. तो काम सोडून गेला, तेव्हाही.

सून सांगते तसे मी तिला ढकलले नाही. ती आधी वर्षभर तरणतलावावर बायकांच्या तुकडीत पोहणे शिकली. मग एका रविवारी सकाळी पाठीवरच्या पिशवीत नवा दोर घालून माझ्यासमोर उभी राहिली. हात-हात अंतरावर गाठी तिने स्वतः मारल्या होत्या.

"करमाडला जायचंय. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी एकटी चालले."

बसमध्ये मी मनात वाक्य जुळवत होतो. खुंटापाशी पोचल्यावर ते बोललो. "दोर गड्यानं नाही, मी सोडला होता."

ती खुंटाला नव्या दोराची गाठ आवळतच राहिली. "माहीतय. दुसरी गाठ सुटत नव्हती, ती मी दातानं सोडली होती."

लोकांच्या जबाबांतील विसंगती शोधण्यात माझे आयुष्य गेले, आणि माझ्याच जबाबात ही मुलगी नव्हती. ती सुट्टीत शेतावर आली होती, हेच मी विसरलो होतो.

"मी विचारलं होतं, आबा, नवा दोर कधी? तुम्ही म्हणलात, उद्या." गाठ ओढून बघत ती म्हणाली, "मग मी परत विचारलंच नाही."

"तू लहान होतीस. विचारणं तुझं काम नव्हतं. बांधणं माझं होतं."

"हे आधी सांगायचं होतं ना!" ती ओरडली. दोन वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

मग ती पाण्यात उतरली. तिच्याच पिशवीतला दुसरा एक दोर तिच्या कमरेला आणि माझ्या मनगटाला होता. मी पाय रोवून उभा होतो. ती मध्यापर्यंत गेली, परतली. उतारावर पाऊल ठेवताच सरकली आणि डोक्यापर्यंत आत गेली. मी दोर खेचणार, इतक्यात तिचा हात वर आला, गाठीवर बसला. एक गाठ, दुसरी गाठ. ती काठावर येऊन पालथी पडली आणि धापा टाकत म्हणाली, "वरची गाठ जरा खाली पाहिजे. आईचा हात पोचणार नाही." आणि मग ती रडली.

त्याच दुपारी आम्ही गावात गड्याच्या घरी गेलो. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तो म्हणाला, "दोन वर्षं लागली व्हय मालक, एवढं बोलायला?" त्याच्या बायकोने नातीला कोरडा टॉवेल दिला. मला पाणीसुद्धा विचारले नाही. बरोबर केले.

गेल्या आठवड्यात मी मुद्दामच चौकात रेंगाळलो. दहा मिनिटे झाली, वीस झाली. फोन वाजला नाही. पंचविसाव्या मिनिटाला माझ्याच्याने राहवेना आणि मी घरी फोन लावला.

"काय आबा?"

"काही नाही. सगळं ठीक ना?"

"मी अभ्यास करतेय. चिंच आणायचीय तर आणा, नाहीतर फोन ठेवा."